सावडीचे जाळे : संगणकांतील परस्पर देवाणघेवाण आणि महाड-पोलादपूरची गरज

(व्याख्यानाचा मजकूर)



२२ जुलै २०२१ हा दिवस महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या स्मरणातून कधीही जाणार नाही. सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले. वीज गेली, रस्ते बुडाले, मोबाइल सेवा खंडित झाली. त्याच दिवशी सायंकाळी तळीये येथे डोंगराचा कडा खचला आणि ऐंशीहून अधिक माणसे मातीखाली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. महाबळेश्वरकडे जाणारा आंबेनळी घाट बंद पडला. मदत करू इच्छिणारे हात पुष्कळ होते. परंतु तेथवर पोचण्याची वाट आणि तेथून येणारी वार्ता, ही दोन्ही तुटली होती.

अशा प्रसंगी आणखी एक गोष्ट ध्यानात येते. गावाचा नकाशा, दरडप्रवण वाड्यांची यादी, निवाऱ्याची ठिकाणे, शाळेतील अभ्याससाहित्य हे सर्व आता संगणकावर असते आणि तो संगणक बहुधा दूर कोठे तरी असतो. त्याच्याशी असलेला एकमेव दुवा तुटला की माहिती असूनही नसल्यासारखी होते. तिच्या प्रती अनेकांपाशी असाव्यात आणि त्यांनी त्या परस्परांना देत राहाव्यात, असा एक मार्ग संगणकशास्त्राने गेल्या पंचवीस वर्षांत विकसित केला आहे. त्याला ‘पीअर-टू-पीअर’ म्हणजे समकक्ष पद्धत म्हणतात. ही पद्धत कशी चालते, तिच्या निरनिराळ्या आज्ञावलींत भेद कोणता आणि या डोंगराळ मुलखाला तिचा उपयोग किती, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

एक दुकान आणि अनेक गिऱ्हाइके

नेहमीच्या व्यवस्थेत एक मोठा संगणक असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. ज्याला फाईल हवी तो सर्व्हरकडे मागणी करतो आणि सर्व्हर ती पाठवतो. बाजारपेठेत एकच दुकान असावे आणि सर्व पंचक्रोशीने तेथेच रांग लावावी, असा हा प्रकार होय. दुकान उघडे असेल आणि गर्दी बेताची असेल, तर काम उत्तम चालते. गर्दी वाढली की रांग लांबते आणि दुकान बंद झाले की सर्वांचेच अडते.

कोकणातील शेतकऱ्याला दुसरी एक रीत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भातलावणीच्या दिवसांत आज एकाच्या खाचरात दहा घरची माणसे उतरतात, उद्या तीच माणसे दुसऱ्याच्या खाचरात जातात. याला सावड म्हणतात. सावडीत मालक आणि मजूर असा भेद राहत नाही. प्रत्येक जण घेणाराही असतो आणि देणाराही. समकक्ष पद्धतीचे सारे तत्त्व या एका शब्दात आले आहे.

याचा लाभ किती, हे साध्या हिशेबाने पाहता येईल. तालुक्याच्या कार्यालयातून १०० मेगाबाइटची एक चित्रफीत ३० शाळांना पाठवायची आहे असे समजू. कार्यालयाची तार सेकंदाला १ मेगाबाइट पाठवते. प्रत्येक शाळेला स्वतंत्रपणे पाठवायचे तर एकूण ३,००० मेगाबाइट पाठवावे लागतील, म्हणजे ३,००० सेकंद किंवा ५० मिनिटे लागतील. आता मिळालेले तुकडे शाळांनी एकमेकींना द्यायचे ठरवले आणि प्रत्येक शाळेची पाठवण्याची शक्ती कार्यालयाच्या एक दशांशच आहे असे धरले, तरी तीस शाळांची मिळून ३ आणि कार्यालयाची १ अशी सेकंदाला ४ मेगाबाइटची शक्ती उभी राहते. काम ७५० सेकंदांत, म्हणजे साडेबारा मिनिटांत होऊ शकते. शाळा ३० ऐवजी ६० झाल्या, तर पहिल्या रीतीने १०० मिनिटे लागतील. दुसऱ्या रीतीने सव्वाचौदा मिनिटांच्या आसपास पुरतील. प्रत्यक्षात थोडा वेळ ठरवाठरवीत जातो. परंतु घेणारे वाढले की देणारेही वाढतात, हे या पद्धतीचे मर्म कायम राहते.

नोंदवही, हाक आणि वाडीतील जाणता

या पद्धतीचा पहिला गाजलेला प्रयोग म्हणजे नॅप्स्टर. शॉन फॅनिंग या अमेरिकन तरुणाने १९९९ साली ही आज्ञावली प्रसृत केली. गाण्याच्या फाईली लोकांच्या घरच्या संगणकांवर असत. मात्र कोणापाशी काय आहे याची नोंद मध्यवर्ती सर्व्हरवर राही. गावच्या चावडीवर एक वही असावी, तीत ‘अमक्याकडे नांगर, तमक्याकडे शिडी’ असे लिहिलेले असावे आणि ज्याने त्याने वही पाहून परस्पर त्या घरी जावे, तसे ते होते. शोध जलद लागे. परंतु ध्वनिमुद्रण कंपन्यांनी खटला भरला आणि न्यायालयाच्या आदेशानंतर जुलै २००१ मध्ये ही सेवा थांबली. वही उचलली गेली आणि सारा व्यवहार खुंटला.

ग्नुटेला या मार्च २००० मधील आज्ञावलीने वहीच काढून टाकली. येथे प्रत्येक संगणक आपल्या शेजाऱ्यांना विचारतो, शेजारी त्यांच्या शेजाऱ्यांना. डोंगरातील एका वाडीने हाक द्यावी, दुसरीने ती पुढे पोचवावी, अशी ही रीत. हाक अनंतकाळ फिरत राहू नये म्हणून ती किती टप्पे जावी याला मर्यादा असे. ती सामान्यतः सात टप्प्यांची असे. या जाळ्याला बंद पाडील असे एक केंद्र नव्हते. पण हाकांचाच कोलाहल इतका वाढला की मंद गतीच्या जोडण्या त्याखाली दबून गेल्या आणि सात टप्प्यांपलीकडे असलेली वस्तू सापडेनाशी झाली.

२००१ साली आलेल्या काझाने मधला मार्ग काढला. ज्यांचे संगणक सशक्त आणि जोडणी वेगवान, त्यांना भोवतालच्या संगणकांची नोंद ठेवण्याचे काम दिले गेले. प्रत्येक वाडीत एक जाणता असावा आणि चौकशी जाणत्या-जाणत्यांमध्ये व्हावी, असे त्याचे स्वरूप होते. शोध सुधारला. परंतु त्या आज्ञावलीबरोबर जाहिरातींच्या अनाहूत आज्ञावलीही संगणकात शिरत आणि नामसाधर्म्याच्या खोट्या फाईलींचा सुळसुळाट झाला. वस्तू सापडणे आणि खरी वस्तू सापडणे यांत अंतर आहे, हा धडा येथे मिळाला.

ई-डाँकी आणि तिच्यामागून २००२ साली आलेली ई-म्यूल यांनी फाईलीचे मोठे भाग पाडून ते अनेकांकडून एकाच वेळी घेण्याची सोय रूढ केली. येथे रांग असते आणि ज्याने पूर्वी आपल्याला दिले त्याला रांगेत पुढे घेतले जाते. ती संथ आहे. परंतु दुर्मिळ जुन्या फाईली तीत दीर्घकाळ टिकून राहतात. डायरेक्ट कनेक्ट आणि तिचे डीसी प्लस प्लस हे रूप यांत ठरावीक मंडळींचा एक अड्डा असतो. भारतातील तंत्रशिक्षण संस्थांच्या वसतिगृहांत, जेथे अंतर्गत तारा वेगवान आणि बाहेरची जोडणी तुटपुंजी होती, तेथे ती विशेष रुळली.

टॉरेंटची सावड

ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली बिटटॉरेंट निर्माण केले आणि या पद्धतीला शिस्त आणली. येथे फाईलीचे लहान समान तुकडे पाडतात. ‘टॉरेंट’ नावाच्या एका छोट्या पत्रिकेत प्रत्येक तुकड्याची ओळख आणि ट्रॅकर नावाच्या नोंदणी-संगणकाचा पत्ता असतो. ट्रॅकरपाशी स्वतः फाईल नसते. त्या फाईलीच्या व्यवहारात या क्षणी कोण कोण आहे एवढेच तो सांगतो. पुढे २००५ पासून हे कामही सहभागी संगणकांमध्येच वाटून देण्याची सोय झाली. त्यामुळे ट्रॅकर बंद पडला तरी व्यवहार चालू राहू शकतो.

यातील दोन नियम मनन करण्याजोगे आहेत. पहिला असा की, जो तुकडा सर्वांत कमी लोकांपाशी आहे तो आधी घ्यावा. ज्या वाणाचे बी गावात एकाच घरी उरले आहे ते आधी चार घरी पेरावे, हेच शहाणपण त्यात आहे. तो एक देणारा निघून गेला तरी बी नष्ट होत नाही. दुसरा नियम परतफेडीचा. मूळच्या रचनेत प्रत्येक संगणक, आपल्याला अधिक वेगाने देणाऱ्या मोजक्या चौघांना प्राधान्याने देतो आणि दर दहा सेकंदांनी हिशेब पुन्हा तपासतो. मात्र दर तीस सेकंदांनी एखाद्या अनोळखी सहभागीलाही संधी दिली जाते. नव्याने आलेल्यापाशी द्यायला काहीच नसते. त्याला कोणी पहिला तुकडा दिलाच नाही, तर तो सावडीत येणार कसा?

पाठभेद कसा टळतो

अनेक हातांतून आलेली प्रत खरी कशावरून, हा प्रश्न महाडच्या परिसराला नवा नाही. समर्थ रामदासांनी जेथे दासबोध सांगितला असे परंपरा मानते ती शिवथरघळ याच तालुक्यात आहे. त्या ग्रंथाच्या नकला मठामठांतून झाल्या. एक बाड जळाले किंवा वाळवीने खाल्ले, तरी दुसरीकडचे उरले. शंकरराव देव यांनी अशी बाडे कष्टाने जमवून धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात त्यांचा संग्रह केला. प्रती अनेक होत्या म्हणून वाङ्मय वाचले. परंतु हस्तलिखित नकलांबरोबर पाठभेदही आले आणि ते सोडविण्यात अभ्यासकांची हयात गेली.

संगणकाने पाठभेदावर एक तोडगा शोधला आहे. फाईलीतील सर्व अक्षरांवर ठरावीक गणित करून एक लहानशी संख्या काढतात. तिला हॅश म्हणतात. फाईलीचा अंगठ्याचा ठसा म्हटले तरी चालेल. मूळ मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. टॉरेंटमधून येणारा प्रत्येक तुकडा ठशाशी ताडून पाहिला जातो. जुळला नाही तर तो टाकून देऊन दुसऱ्याकडून घेतला जातो. पूर्वी यासाठी एसएचए-१ हे गणित वापरीत. त्यात एकाच ठशाच्या दोन भिन्न फाईली बनविता येतात हे २०१७ साली सिद्ध झाल्यामुळे नव्या रचनेत एसएचए-२५६ हे अधिक बळकट गणित घेतले आहे.

तथापि ठसा फक्त एवढेच सांगतो की ही प्रत मुळाशी जुळते. मूळच खोटे असेल तर प्रत्येक प्रत तितकीच खोटी. म्हणून ठसा कोणाकडून मिळाला, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे ठरते.

आजच्या आज्ञावलींची तुलना

टॉरेंटचे नियम सर्वांना खुले असल्यामुळे ते पाळणाऱ्या अनेक आज्ञावली आहेत आणि त्या एकमेकींशी व्यवहार करू शकतात. २००५ साली आलेली म्यूटॉरेंट आकाराने लहान म्हणून लोकप्रिय झाली. पुढे तीत जाहिराती आल्या आणि तिची घडण गुप्त असल्याने ती आत काय करते हे बाहेरच्याला तपासता येत नाही. क्यूबिटटॉरेंट आणि ट्रान्समिशन या दोन्ही खुल्या घडणीच्या व विनामूल्य आहेत. पहिलीत सोयी अधिक, तर दुसरी साधी आणि जुन्या संगणकावरही हलकी चालणारी. कार्यालयाने किंवा शाळेने निवड करायची तर या दोहोंतून करणे श्रेयस्कर.

सिंकथिंग ही २०१३ साली आलेली आज्ञावली निराळ्या प्रकारची आहे. टॉरेंटमध्ये जगातील कोणीही सामील होऊ शकतो. सिंकथिंगमध्ये दोन्ही बाजूंनी मान्यता दिलेले संगणकच एकमेकांशी बोलतात. एका संगणकाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली फाईल इतर संगणकांवर आपोआप उमटते, वाटेत ती गुप्त लिपीत असते आणि दोन्ही संगणक एकाच इमारतीच्या जाळ्यात असतील तर बाहेरचे इंटरनेट नसले तरी चालते. कार्यालयीन दप्तरासाठी ही अधिक योग्य. एक सावधगिरी मात्र हवी : एके ठिकाणी चुकून पुसलेली फाईल सर्वत्र पुसली जाऊ शकते. यासाठी जुन्या आवृत्त्या राखण्याची तिच्यातील सोय प्रथम चालू करावी आणि एक प्रत स्वतंत्र पेटीत ठेवावी.

मोबाइल ते मोबाइल देवाणघेवाण ही या कुळातील सर्वांत परिचित शाखा. शेअरइट आणि झेंडर ही ॲप्स एके काळी खेडोपाडी पसरली होती; २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने बंदी घातलेल्या ५९ ॲप्समध्ये त्यांचा समावेश होता. आज अँड्रॉइड फोनमध्ये क्विक शेअर आणि ॲपलच्या फोनमध्ये एअरड्रॉप ही सोय अंगचीच असते. निरनिराळ्या जातीचे फोन आणि संगणक एका स्थानिक वाय-फायवर असतील तर लोकलसेंड ही खुल्या घडणीची आज्ञावली उपयोगी पडते. या सर्वांना टॉवरची गरज नसते. अंतर मात्र एका खोलीचे किंवा अंगणाचे. गाव ओलांडायचे तर फोन खिशात घालून माणसालाच चालावे लागते.

मर्यादा आणि कायदा

या पद्धतीच्या मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. वीज आणि टॉवर दोन्ही गेल्यावर कोणतीही आज्ञावली नवे जाळे निर्माण करू शकत नाही. आधी ज्यांच्यापाशी प्रत पोचली आहे तेच ती पुढे देऊ शकतात. म्हणजे हे काम पाऊस सुरू होण्यापूर्वीचे आहे. दुसरे असे की, मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यात अनेक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता असतो, त्यामुळे बाहेरील संगणकाला त्यांच्यापर्यंत थेट पोचणे अवघड जाते. तिसरे, टॉरेंटच्या व्यवहारात सहभागी असलेल्याचा जाळ्यातील पत्ता इतर सहभागींना दिसतो. ती खासगी जागा नव्हे.

कायद्याच्या बाजूने पाहता, परस्पर देवाणघेवाणीचे तंत्र बेकायदेशीर नाही. अनेक मुक्त संगणकप्रणाली टॉरेंटने अधिकृतपणे वाटल्या जातात. विंडोजमध्येही सुधारणांचे तुकडे त्याच कार्यालयातील दुसऱ्या संगणकाकडून घेण्याची सोय २०१५ पासून आहे. गुन्हा ठरतो तो दुसऱ्याच्या हक्काची कृती परवानगीवाचून वाटणे हा. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ अन्वये अशा गुन्ह्याला सामान्यतः सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. टॉरेंटने चित्रपट घेणारा त्याच वेळी तो इतरांना देतही असतो. ‘फक्त पाहण्यासाठी घेतला’ असे म्हणून त्याची सुटका होत नाही. तसेच लाभार्थ्यांची यादी, आधार क्रमांक, रुग्णांची किंवा विद्यार्थ्यांची व्यक्तिगत माहिती खुल्या जाळ्यात कधीही सोडू नये. एकदा शंभर ठिकाणी गेलेली प्रत परत बोलावता येत नाही; जो गुण पुरात तारतो, तोच येथे घात करतो.

दोन तालुक्यांनी काय करावे

या सर्व विवेचनाचे सार एका सूत्रात मांडता येईल : प्रमाण मानण्याचा अधिकार एकाकडे, साठवण अनेकांकडे. धोक्याची सूचना, स्थलांतराचा आदेश आणि नकाशाची अंतिम प्रत तहसील कार्यालयाकडूनच निघाली पाहिजे. अन्यथा ग्नुटेलासारखा हाकांचा कोलाहल होईल आणि अफवाही त्याच वेगाने धावतील. परंतु ती प्रत केवळ तहसील कार्यालयातच राहिली, तर नॅप्स्टरच्या वहीची गत होईल.

या दृष्टीने चार गोष्टी करण्यासारख्या आहेत. पहिली, दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक गावाचा आपत्ती आराखडा, निवाऱ्याच्या जागा आणि संपर्क क्रमांक यांची एक लहान फाईल तयार करावी. ग्रामसभेत ती फोन ते फोन सर्वांना द्यावी. जिचा आकार लहान तिच्या प्रती अधिक होतात. दुसरी, त्या फाईलीचा ठसा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा, म्हणजे कोणाही शिक्षकाला प्रत ताडून पाहता येईल. तिसरी, महत्त्वाच्या दप्तराच्या प्रती तीन निरनिराळ्या ठिकाणी असाव्यात : एक महाडच्या सखल भागातील कार्यालयात पण वरच्या मजल्यावर, दुसरी दरडीच्या वाटेवर नसलेल्या उंचावरील शाळेत आणि तिसरी जिल्ह्याबाहेर. एकाच पुराने किंवा एकाच दरडीने तिन्ही जाऊ नयेत, एवढाच हेतू. चौथी, घाटातील शाळांनी अभ्याससाहित्य प्रत्येकी वेगळे न उतरवता केंद्रशाळेत एकदा उतरवावे आणि शिक्षक परिषदेच्या दिवशी परस्परांत वाटून घ्यावे. त्यासाठी आज हाती असलेले फोन पुरेसे आहेत.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच महाडात चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन, जे सार्वजनिक आहे ते सर्वांचे आहे, हे देशाला बजावले. जीव वाचवणारी माहिती हीही सार्वजनिक ठेव आहे. ती डोंगरातल्या शेवटच्या वाडीतही तितक्याच हक्काने पोचली पाहिजे आणि संकट येण्याआधी पोचली पाहिजे. लावणीच्या सावडीला हाक पाऊस पडल्यावर देतात. या सावडीला मात्र पहिल्या सरीपूर्वीच उतरावे लागेल.